दोरावरची पाकळी

दोरावर पांगाऱ्याची एक पाकळी पडली होती. बोटाएवढी, लाल, कडेला किंचित काळवंडलेली. वारा नव्हता. गवताचे पातेही हलत नव्हते. तरी पाकळी थरथरत होती.

फाल्गुन नुकताच लागला होता. सह्याद्रीच्या कड्यांवरून धुके विरघळत होते. डोंगरामागे डोंगर, निळ्यामागे निळा, आणि साऱ्या निळाईच्या शेवटी आकाश. अंजनीच्या झाडाला जांभळा बहर आला होता. पांगारा निष्पर्ण होता, निष्पर्ण आणि पेटलेला. इतके प्रसन्न, इतके निर्दय आकाश हौसाने कधी पाहिले नव्हते.

कड्याच्या पोटात आग्या मोहोळ लोंबत होते. तिचा नवरा चिंधू दोराला बांधून मधासाठी तिथवर उतरणार होता. दोराचा एक वेढा अंजनीच्या बुंध्याला. बाकी सारा भार तिच्या भावाच्या, बुधाच्या, हातांवर. वाडीची रीतच तशी. दोर मेव्हण्याने धरायचा. बहिणीचे कुंकू ज्याला जपायचे, तिच्या नवऱ्याचा जीव त्याच्याच मुठीत. आणि ज्याच्या मुठीतून दोर काढून घेतला, त्याने पुन्हा कड्यावर पाऊल ठेवायचे नाही. तो माणूस जिवंतपणी वाडीतून पुसला जाई.

भाऊबीजेला ओवाळताना बुधाच्या हातून सुपारी निसटली होती. उचलून दिली, तर पुन्हा निसटली. हौसा तेव्हा हसली होती. मग थंडी आली, थंडी गेली. विळ्यावर, पेल्यावर, बिडीच्या विस्तवावर ते हात कापताना तिने पाहिले, आणि एकच वाक्य ओठांपर्यंत आणून रोज गिळले. याच हातांनी तिला खांद्यावर बसवून भरला ओढा ओलांडला होता. याच हातांना ती काय सांगणार?

"पाव्हणं, दोर धरायचाय, बिडी न्हाय!" धुरीचा पेटता पेंढा कमरेला अडकवत चिंधू म्हणाला.

"उतरा गुमान, दाजी. हौसीसाठी धरलाय, तुमच्यासाठी न्हाय."

वाक्य पुन्हा ओठांशी आले. पुन्हा खाली गेले. आणि त्याच्यापाठोपाठ चिंधूही खाली गेला.

दोर सरत राहिला, तांबूस, जुना, घामाने काळा. खाली अथांग निळी दरी. वर अथांग निळे आकाश. मधे एक माणूस, एवढासा, कोळ्यासारखा.

एकाएकी दोर सुटला. हातभरच सुटला. पाकळी उडाली, उन्हात क्षणभर लाल झाली आणि दरीत विझली.

हौसा झेपावली. दोर तिच्या तळव्यांत भाजत गेला, आणि थांबला.

"झोपलात का काय, पाव्हणं?" खालून चिंधूचा आवाज आला. हसता हसता शेवटी चिरकलेला.

बुधाने दोर सोडला नव्हता. त्याच्या मुठी तिच्या मुठींना लागून होत्या. कपाळावर घाम, नजर समोरच्या डोंगरावर.

"वारा हाय गं, हौसे," तो हळूच म्हणाला. "निस्ता वारा."

तिने खाली पाहिले. चिंधूच्या पेंढ्याचा धूर वर येत होता. ना डावीकडे झुकला, ना उजवीकडे. काळ्या कातळावर ओढलेल्या पांढऱ्या रेघेसारखा, सरळ.

"वारा न्हाय, दादा," ती म्हणाली. "सोड. दोर आता माझा."

आणि धूर वर येत राहिला. सरळ, निश्चल, निळ्यात निळा होईतो सरळ.