भडगावची जाई आणि मी
मी झारी. पत्र्याची, पोचे पडलेली, कान दोनदा बदललेली. मला पोट आहे, तोंड आहे, पण बोलायची सोय नाही. इतकी वर्षं त्याचं काही वाटलं नाही. यंदाच्या उन्हाळ्यापासून मात्र जीव नुसता घुसमटतोय.

जळगावात हारुनचाचांनी मला घडवलं. तेलाचा रिकामा डबा घेऊन कमलबाई त्यांच्या दुकानासमोर ठाण मांडून बसली आणि म्हणाली, प्लास्टिकची झारी आमच्याकडे एका उन्हाळ्यात तडकते, मला टिकाऊ करून द्या. चाचांनी पत्रा कापला, सांधे झाळले, तोंडाला खिळ्याने भोकं पाडली. तेव्हापासून मी तिची. तिला मी एकेरीच म्हणते, वीस वर्षांचा सहवास आहे.

बाई झाडवेडी. विकतचं रोप कधी आणलं नाही. ज्याच्या घरी जाईल तिथून फांदी मागून आणायची. लग्न असो की दहावा, परतताना पिशवीत काहीतरी हिरवं असणारच. मुलासाठी, ललितसाठी, एरंडोलला मुलगी बघायला गेली, तर मुलीपेक्षा दारातल्या जास्वंदीकडेच जास्त वेळ बघत बसली. ती मुलगी, पुनम, सून होऊन आली आणि जास्वंदही आली. गच्चीवर फुटक्या बादल्या, रंगाचे डबे, घमेली मिळून दीडशेवर कुंड्या झाल्या. प्रत्येक झाडाला गावाचं नाव. असोद्याची शेवंती, धुळ्याचा कढीपत्ता. तिचे यजमान सुकदेवआबा याला जंगल म्हणायचे आणि वर फिरकायचेसुद्धा नाहीत.

या सगळ्यांत तिचा जीव होता भडगावच्या जाईवर. ती तिच्या थोरल्या बहिणीच्या, रत्नाअक्काच्या अंगणातली. अक्का गेली, घर विकलं गेलं, नव्या मालकाने अंगणात फरशी घातली. बहिणीचं म्हणून एवढा एकच वेल उरला. कमलबाईने तीनदा फांदी मातीत दाबून दुसरं रोप करून पाहिलं, धरलंच नाही.

एप्रिलमध्ये ती मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. लेक नूतन धुळ्याला असते, म्हणून ऑपरेशन तिथेच झालं आणि महिना-दीड महिना तिथेच राहणं आलं. आबा दोन दिवस थांबून परत आले, कारण ललित-पुनम नोकरीपायी परगावी, मग झाडांना पाणी कोण घालणार? ज्या माणसाने मला कधी हात लावला नव्हता, त्याने मला उचललं. खरं सांगते, मला भरून आलं.

सकाळी ते पाणी घालायचेच. पण दुपारी दोनला वर डोकावले, तर सगळी पानं माना टाकून बसलेली. उन्हात झाडं अशीच बसतात, संध्याकाळी उठतात. आबांना ते कोण सांगणार? त्यांना वाटलं, लेकरं तहानली. गच्चीवरच्या काळ्या टाकीचा नळ सोडून त्यांनी मला भरलं. मे महिना, जळगावचं ऊन, टाकीतलं पाणी चहाला ठेवल्यासारखं. माझा कान इतका तापला की त्यांनी त्याला उपरणं गुंडाळलं. हाताला उपरणं गुंडाळलं हो, पण आत बोट घालून पाहिलं नाही. ते पाणी त्यांनी माझ्याच तोंडून जाईच्या मुळाशी ओतलं. पहिल्यांदा तिलाच, कारण ती कमलची लाडकी; बाकीच्यांपर्यंत जाईस्तोवर उन्हाने तेच खाली परतायचे.

रोज. मी अडवणार कशी? गळले असते तरी पुष्कळ झालं असतं, पण चाचांनी सांधे पक्के झाळलेले. धुळ्याहून रोज फोन यायचा, पाणी टाकलं का? आबा म्हणायचे, टाकलं. कधी टाकलं, हे तिने विचारलं नाही. इतकी साधी गोष्ट विचारायची असते, हे तिच्या मनातच आलं नसेल.

ती घरी आली तेव्हा जाईची पानं गळून गेली होती. जिना चढायला डॉक्टरांची बंदी. आबांनी खालीच तिला सांगितलं. "रोज दोन येळ पाणी टाकं मी. तरी का बरं सुकनी?"

दोन येळ हे कमलबाईला खटकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला भरल्याचा आवाज तिने ऐकला आणि झारी खाली आणायला सांगितली. आबांनी मला तिच्या खाटेशी ठेवलं. तिने माझ्या पोटात हात घातला. झटकन काढला, पदरात धरला. बोटं लाल झालेली मी पाहिली.

"पाणी ऊन शे का?" आबांनी विचारलं.

"नही, कोमट शे," ती म्हणाली.

मग म्हणाली, यंदा ऊनच फार, त्याला तुम्ही काय करणार. उद्यापासून फक्त सकाळी पाणी घाला. आणि जाईची साल नखाने खरडून बघा, आत हिरवं असेल तर फुटेल.

आबा मला घेऊन वर आले. जाईजवळ बसून त्यांनी साल खरडली. आत तपकिरी, काडीसारखं वाळलेलं. दुसरी फांदी खरडली, मग पार बुंध्याशी.  मग उठून जिन्याशी गेले आणि खाली ओरडून म्हणाले, "हिरवं शे."

आता रोज पहाटे ते मला गार पाण्याने भरतात आणि त्या वाळक्या काडीवर ओततात. खालून ती विचारते, फूट आली का? हे म्हणतात, येईल. तिने यांना सांगितलं नाही, यांनी तिला सांगितलं नाही, आणि मला दोघांचंही ठाऊक आहे. श्रावणात तिला जिना चढायची परवानगी मिळणार आहे.

म्हणून तुमच्यापुढे पदर पसरते. रत्नाअक्काही कुणाला रिकाम्या हाताने पाठवत नसे. भडगावात, आसपास, कुणाच्या तरी दारात तिच्या जाईची फांदी लागली असेलच. असेल तर एक मुळं धरलेलं रोप आमच्याकडे धाडा हो, ती जिना चढायच्या आत.