रिकामी पाकिटं

स्टेम सेलपासून आतड्याच्या पेशी वाढवणं हे मुबीनाचं काम. पनवेलच्या त्या लॅबमध्ये पातळ पडद्यावर पेशींचा थर धरायला महिना जायचा, आणि ईद असली तरी त्यांना खाऊपिऊ घालायला जावंच लागायचं. लाडच ते. थर तयार झाला की वरून औषध घालायचं आणि पडद्याखाली किती उतरलं, म्हणजे आतड्यातून रक्तात किती जाईल, ते मोजायचं.

आज तिनं रक्तवाढीची गोळी तपासली. पाण्यातून दिली तेव्हा लोह बऱ्यापैकी खाली उतरलं. दुधातून दिली तेव्हा अगदी नावापुरतं. सरांनी मान डोलावली. मुबीना मात्र स्टुलावरून उठलीच नाही.

तिची अम्मी दोन वर्षं तीच गोळी घेत होती. गोळीनं जळजळ होते म्हणून रोज दुधाचा पेला मुबीनाच हातात द्यायची. तरी हिमोग्लोबिन वर यायचं नाव घेत नव्हतं. शेवटी मुबीना चिडली होती.

“तू गोळ्या फेकतेस, अम्मी. निदान खोटं तरी बोलू नकोस.”

“अल्लाची शपथ, गिळते गं,” अम्मी म्हणाली होती. मग तो विषय तिनं कधी काढला नाही.

गेल्या हिवाळ्यात अम्मी गेली. कपाट आवरताना साड्यांखाली गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांची रबर लावलेली चळत निघाली, दोन वर्षांची. म्हातारीला कचरा जपायची भारी हौस, असं म्हणत मुबीनानं ती घंटागाडीत टाकली होती.