उगवतीची खोली

"आमची पोरगी पूर्वेला हाय, नाय का मॅडम?" गोटीरामांनी दारातूनच विचारलं. "टीव्हीवाले पश्चिम-पश्चिम करत्यात."

"या ना मामा, बसा," मंजुषा म्हणाली आणि उत्तर टाळलं.

२००४च्या डिसेंबरातला तो शेवटचा रविवार. सुट्टी असूनही तिने ऑफिस उघडलं होतं. सकाळपासून टीव्हीवर दुसरी बातमी नव्हती. समुद्र जमिनीवर चढला होता आणि फुकेत बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरची हॉटेलंच्या हॉटेलं वाहून गेली होती. कॅनडा कॉर्नर चौकातल्या या छोट्याशा टूर ऑफिसने त्या बेटावर चार माणसं पाठवली होती. मालक परगावी गेलेले, त्यामुळे फोनपाशी मंजुषा एकटीच.

गोटीराम मखमलाबादचे, झेंडू पिकवणारे. फुलबाजारातून थेट आले होते, हातात फुलांची पिशवी तशीच. त्यांची शुभांगी लहानपणी गोदेच्या पुरातून थोडक्यात वाचलेली. तेव्हापासून तिने पाण्याची धास्ती घेतली होती. लग्नानंतर जावयाने, साईने, नेमकं बेटच निवडलं, तेव्हा गोटीराम बुकिंगला जातीने हजर होते. "जिकडं लाट नसंल ती बाजू द्या," एवढंच त्यांचं मागणं. मंजुषाने पूर्व किनाऱ्यावरची खोली दिली. तिकडे समुद्र उथळ, लाटा नावापुरत्या.

मग आठवड्याभराने ओझरच्या कारखान्यातून रिटायर झालेले लहानूकाका आले, सोबत त्यांच्या पत्नी कलाबाई. काकांनी तीस वर्षांत सूर्याला अर्घ्य द्यायचं एक दिवस चुकवलं नव्हतं. तांब्याचा गडू ते बॅगेत घालून नेणार होते.

"खोली उगवतीचीच पाहिजे, ताई. नायतर बुकिंग रद्द."

आणि पूर्वेच्या हॉटेलात एकही खोली शिल्लक नव्हती. शेवटची शुभांगीच्या नावावर होती.

मंजुषाची जीभ गोड. समोरच्याला 'नको' म्हणायला ती उसंतच द्यायची नाही. तिने त्या नव्या जोडप्याला बोलावून घेतलं. "अहो, तिकडे ओहोटीला नुसता चिखल! लग्नानंतर चिखल बघायला जाताय का? पश्चिमेला घ्या, खिडकीतून सूर्यास्त दिसतो!" शुभांगी नवऱ्याकडे बघत राहिली. साई म्हणाला, "चालेल. फक्त पप्पांना सांगू नका, उगाच काळजी करतील." एका बैठकीत दोन्ही गिऱ्हाइकं खूश, म्हणून मंजुषाने त्या संध्याकाळी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली होती. दुनियेला बेटं विकणाऱ्या या बाईने समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला होता, गणपतीपुळ्याला, तोही उभ्या उभ्या.

फोन वाजला. तिने झडप घातली.

"ताई, मी लहानू! आम्ही दोघं ठीक आहोत!" काकांचा आवाज टेबलापलीकडे ऐकू जाईल इतका मोठा. "पाणी पायऱ्यांपर्यंत आलं अन् मागं गेलं. या बाजूला सगळी माणसं सुखरूप हायेत. पलीकडं मात्र..."

लाइन तुटली. साई-शुभांगीबद्दल विचारायचं राहूनच गेलं. खरं तर गोटीरामांसमोर तिला विचारवलंच नसतं.

"ऐकलं ना? या बाजूला सुखरूप!" गोटीराम उठले. डोळे भरून आलेले, आणि हसतही होते. त्यांनी पिशवीतून झेंडूचा हार काढला, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि भिंतीवरच्या गणपतीच्या फोटोला घालायला चढले. "पोरीच्या आईला सांगतो आता. सकाळपासून पाणीबी घेतलं नाय तिनं."

गप्प राहणं सोपं होतं. उद्या-परवा कळलंच असतं, आणि तेव्हा सगळं समुद्रावर ढकलता आलं असतं. पण हा माणूस आता घरी जाणार होता. त्या बाईला पाणी पाजणार होता.

"मामा," ती म्हणाली, "शुभांगी पूर्वेला नाहीये. ती खोली मी दुसऱ्यांना दिली. तिला पश्चिमेला पाठवलं."

हार धरलेले हात फोटोपाशीच थांबले.

"तिनं मागितली तिकडची?"

"नाही. तिला नको होती. ती बोलली नाही, कारण मीच बोलत राहिले."

आता ते ओरडतील, काहीतरी उचलून फेकतील, असं तिला वाटलं. त्यांनी तसं केलं असतं तर तिला बरंच वाटलं असतं. गोटीरामांनी तो हार फोटोला घातला. एका बाजूला जास्त लोंबत होता, तो दोन्हीकडून सारखा केला, आणि भिंतीचा आधार घेत खाली उतरले.

"फोन हितंच येईल ना?"

"हो."

"मग बसतो मी."

पिशवी मांडीवर घेऊन ते खुर्चीत बसले. मंजुषाने फोन उचलून टेबलाच्या त्यांच्या बाजूला ठेवला, आणि वायर तिथवर पुरतेय ना ते पाहिलं.