मठाधिपतीची बाजू

१९९६ च्या दिवाळी अंकासाठी लिहिलेल्या लेखात मी मठाधिपतीची बाजू घेतली होती. बाराव्या शतकातील जर्मन संन्यासिनी हिल्डेगार्ड हिने दोन मठ स्थापन केले, याबद्दल वाद नाही; वाद आहे तो पहिल्या मठासाठी तिने योजलेल्या मार्गाबद्दल. वीसेक भगिनींना घेऊन तिला दुसऱ्या टेकडीवर जायचे होते. ती राहत होती त्या मठाच्या अधिपतीने परवानगी नाकारली. तेव्हा ती अंथरुणाला खिळली. त्याने तिचे मस्तक उचलून पाहिले. ते शिळेसारखे जड झाले होते. अखेर तो नमला. मी लिहिले : 'हे सोंग होते.'

आमच्या परदेशातल्या मराठी मंडळाचा अंक हस्तलिखितावरून झेरॉक्स होई, आणि सुवाच्य प्रत कुमुदताई करीत. मरीन परेडच्या माझ्या फ्लॅटमध्ये दर रविवारी त्या मुलांचा मराठी वर्गही घेत. मुले बहुतेक दूरच्या बिशान वस्तीतली. वर्ग बिशानला, आपल्या घरी हलवावा हा त्यांचा अर्ज अध्यक्ष या नात्याने मी दोनदा फेटाळला होता. ग्रंथसंग्रह जिथे, वर्ग तिथे. हे माझे तत्त्व.

त्या रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "पाठ धरली आहे, अध्यक्ष. वर्गाला येणं होणार नाही."

"आणि लेखाची प्रत?"

"एका वाक्यापाशी थांबले आहे."

मी येरझाऱ्या घालू लागलो. "पाठ आजच बरी धरली!"

"अहो, बसा तरी," आमच्या मेधाबाई म्हणाल्या. "इंजिनीअर ना तुम्ही? जहाजाचं इंजिन तापलं की त्यालाही सोंग म्हणता का? नाहीतर जाऊन बघून या."

बस, मग एमआरटीची रेल्वे, मग पुन्हा गाडी बदलणे. मुले हे दर रविवारी करतात, हा प्रतिपक्षाचा मुद्दा मी वाटभर खोडून काढीत होतो. तो खोडला जाईना. बसायला जागा असूनही मी उभाच राहिलो.

दार वर्गातल्या धवलने उघडले. "टीचर, प्रबोध अंकल आले लाह!"

कुमुदताई चटईवर उताण्या पडल्या होत्या आणि भोवती नऊ मुले पुस्तके घेऊन बसली होती. आठ वर्षांची चैताली मोठ्याने, न अडखळता वाचत होती. माझ्या घरी ती दर रविवारी पेंगत असे. मी तिला मंद ठरवून टाकले होते.

"उठत नाही, रागावू नका," ताई म्हणाल्या.

"वर्ग रद्द झाला होता."

"तुमच्याकडचा. ही मंडळी शेजारच्याच ब्लॉकमधून आली. आणि ते वाक्य खोडा, नाहीतर प्रत दुसऱ्या कोणाकडून करून घ्या."

"ते सोंग नव्हते, याला पुरावा?"

"मला उचलून बघा की!"

मुले खिदळली. मी हात पुढे केला नाही. चैताली पान उलटून माझ्याकडे पाहत होती. मी गेल्यावर पुढे वाचायचे, अशा बेताने.

मी लेखाचा कागद मागितला, वाक्य खोडले आणि खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. ग्रंथसंग्रहाच्या कपाटाची किल्ली कडीतून निघेना. नख तुटले.

"नखाने नाही, नाण्याने कडी फाकवा," ताई आढ्याकडे पाहत म्हणाल्या. धवलने दहा सेंट दिले.

"कपाट शनिवारी पाठवतो," मी म्हणालो. "परंतु पुस्तकांची यादी मीच ठेवणार."

"ठेवा की," असे म्हणून त्यांनी पडल्या पडल्याच तळहात उघडला.

त्यांना खरोखरच उठता येत नव्हते का, हे मी अद्याप विचारलेले नाही.