कोंडाजींची वेगळी पुडी

मी एक जुना गोल ओव्हन आहे. अंबरनाथ पूर्वेच्या एका ब्लॉकमध्ये, स्वयंपाकघराच्या माळ्यावर, फुटकी चाळणी आणि आकाशकंदिलाचा सांगाडा यांच्या मधोमध पडून आहे. माझ्या झाकणाला गोल काच आहे, तेवढाच माझा डोळा. मित्रांनो, त्या डोळ्याला सगळं दिसतं, पण तोंडाच्या नावानं बोंब! माझं सगळं दुखणं एवढंच आहे.

माझा जन्म उल्हासनगरचा. कँपातल्या एका शेडमध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून मला गोल केलं, तळाला आणि झाकणात कॉईल बसवली आणि वर एक ऐटबाज परदेशी नाव चिकटवलं. ते नाव पहिल्या धुण्यातच निघून गेलं. मला त्याचं काही वाटलं नाही. नावानं का कुठे केक फुगतो? नव्वद सालच्या आसपास सुदाम आणि वृंदा हे नवराबायको मला घ्यायला आले, तेव्हा दुकानातला सिंधी शेठ म्हणाला, "ले जाओ भाभी, आपकी पोती भी इसी में केक बनाएगी." शेठचा तेवढा विश्वास होता माझ्यावर.

सुदाम आनंदनगरच्या कारखान्यात सुपरवायझर होता, वृंदा शाळेत शिकवायची. सुरुवातीला माझं काय ते कौतुक! केक झाला, नानकटाई झाली, शेजारणी काचेतून डोकावून गेल्या. मग सगळ्यांचा उत्साह मावळला आणि माझ्यावर प्लॅस्टिकचं कव्हर चढलं. त्या कव्हराखाली मी नुसता बसून राहिलो.

मला पुन्हा कामाला लावलं ते कोंडाजींनी. कोंडाजी म्हणजे सुदामचे वडील, त्याचे अण्णा. बदलापूरच्या पलीकडच्या गावात शेती करायचे. बायको गेल्यावर सुदामनं त्यांना इकडे आणलं. ते माळकरी होते. गळ्यात तुळशीची माळ घातल्यापासून त्यांनी मासळी सोडली होती, आणि मासळी शिजलेल्या भांड्यातलं पाणीही ते पीत नसत. या घरात तर रविवारी मासा नाही असं होत नसे. मग कोंडाजी काय करत? मासा चुलीवर चढायच्या आत आपल्या वेगळ्या पातेलीतला भात वाढून घेत आणि बाल्कनीत एकटे जेवत. कुरकुर नाही, काही नाही. पण वृंदाला ते बघवत नसे.

शाळेतल्या एका बाईंकडे तिनं चांदीच्या कागदात, म्हणजे फॉइलमध्ये, बांधून भाजलेला मासा पाहिला आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बांगड्याला हिरवं वाटण आणि कोकमाचं आंबट आगळ लावायचं आणि त्याची पुडी बांधायची. मामंजींची फरसबी, बटाटे, वांगं वेगळ्या सुरीनं चिरायचं, ओलं खोबरं घालायचं आणि त्याची निराळी पुडी. दोन्ही एकाच वेळी माझ्या पोटात. पुड्या तशाच ताटात. भांड्याचा प्रश्नच मिटला!

कोंडाजींनी पुडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "पोरी, ह्या कागदातून आत काय शिरत नाय ना?"

"मुंगीसुद्धा शिरायची नाही, मामंजी."

"मंग चालंल. तुझ्या शब्दावर."

त्या रविवारी ते पहिल्यांदा सगळ्यांच्या पंगतीत बसले. पुडी उघडल्यावर वाफ अशी तोंडावर आली की म्हातारा लहान पोरासारखा हसला. मित्रांनो, केक फुगवताना मला जेवढा आनंद झाला नव्हता तेवढा तेव्हा झाला. मग दर रविवारी तेच. वृंदा पुड्या अगदी आयत्या वेळी बांधायची. माझ्या जाळीवर डावीकडे भाजीची पुडी, उजवीकडे माशाच्या. मध्ये बोटभर जागा.

मग तो रविवार आला. वृंदाच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं आणि जेवायला तिची बहीण कुंदा आणि तिचे यजमान येणार होते. वृंदानं सकाळीच सगळ्या पुड्या बांधून फ्रिजमध्ये ठेवल्या आणि ती शाळेत गेली. दिवसभर आगळ आणि मीठ त्या कागदाला चावत बसले. आंबट-खारट आणि ॲल्युमिनियम यांचं हाडवैर, हे मी पत्र्याचा असल्यामुळे मला पक्कं ठाऊक. पण मला विचारतो कोण?

संध्याकाळी ती धावतपळत आली. पाहुणे दारात, पुड्या जास्त, माझं पोट तेवढंच. तिनं कोंडाजींची पुडी खाली ठेवली आणि तिच्यावर माशाच्या रचल्या. "दोन्हीकडून कागद आहे, काय होतंय!" असं स्वतःशीच म्हणाली आणि झाकण लावलं.

मी तापलो. वरच्या पुडीतून थेंब सुटला, मग दुसरा. कागदाला बारीक भोकं पडली होती, आणि रस थेट खालच्या पुडीच्या घडीत उतरत होता. मी माझ्याच डोळ्यानं ते बघत होतो. करणार काय? वीज गेली असती तर किती बरं, असं मनात आलं. एरवी दिवसातून दहादा जाते, पण त्या दिवशी दिवा साधा लुकलुकलासुद्धा नाही.

कोंडाजींनी पहिला घास घेतला आणि ते थांबले.

"पोरी, ह्याला काय लागलंय का?"

"छे हो, मामंजी. तुमच्या पुडीला कुणी हात नाही लावला. आईशपथ."

कोंडाजींनी खाली मान घालून सगळी भाजी संपवली.

आमच्याकडे कागद फेकत नाहीत, धुऊन परत वापरतात. पाहुणे गेल्यावर वृंदानं माशाचा कागद धुतला आणि झटकून ट्यूबलाइटसमोर धरला. त्यातून उजेडाचे ठिपके दिसले. तिनं भाजीचा कागद उचलून घडीचा वास घेतला आणि ती ओट्याला टेकून उभी राहिली. सुदाम म्हणाला, "आता सांगून काय? अण्णांना उगाच घोर लागेल."

तिनं मामंजींना सांगितलं नाही. पण पुन्हा पुडी बांधायची तिची छाती झाली नाही. कोंडाजी विचारायला लागले, "पुडी का करत नाय गं? सगळी एकत्र जेवत होतो." तेव्हा ती म्हणाली, "ओव्हन बिघडलाय, मामंजी."

मी! धडधाकट, ठणठणीत मी! संताप संताप झाला माझा, पण तिचे डोळे पाहून तोही ओसरला.

एके दिवशी ती शाळेत गेली असताना कोंडाजींनी मला फडक्यात गुंडाळलं आणि जिना उतरून खालच्याच गल्लीत आनंदाच्या दुकानात नेलं. आनंदा मिक्सर, इस्त्री दुरुस्त करायचा. सूनबाईला आनंद व्हावा एवढीच म्हाताऱ्याची इच्छा. आनंदानं वायर लावली. मी नको नको म्हणत असताना माझी कॉईल लालबुंद झाली. थंड कसं राहायचं, ते मला येतच नाही हो!

"आजोबा, याला काय झालंय? एकदम ओके आहे."

"नीट बघ."

"बघितलं ना. घेऊन जा, फुकट."

कोंडाजींनी मला परत गुंडाळलं आणि तिथल्या पायरीवर टेकले. "बांगडाच होता तो," ते हळूच म्हणाले. "जिभेला कळलं होतं माझ्या." त्यांनी गळ्यातली माळ मुठीत धरली, मग नळावर जाऊन चूळ भरली. परत परत भरली. "मुद्दाम नाय केलं तिनं. बोललो तर पोरगी जन्मभर झुरंल."

आम्ही वर पोचलो तेव्हा वृंदा नुकतीच घरी आली होती. "मामंजी, एवढं ओझं कशाला उचललंत?"

"मिस्त्री म्हनाला, आतून जळलाय. आता व्हायचा नाय. ठेव वर."

तिनं फडकं काढून मला दोन्ही हातांत घेतलं. मी अजून कोमट होतो. आतून जळलेला ओव्हन का कुठे कोमट असतो?

कोंडाजी तोवर पाठ करून बाल्कनीकडे निघाले होते. तिनं काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. तिनं स्टूल घेतलं आणि मला माळ्यावर ठेवून दिलं.

आता रविवारी कोंडाजी पुन्हा आधी जेवून घेतात. बाल्कनीतून त्यांच्या ताटलीचा आवाज येतो. मित्रांनो, आंबट काही कागदात बांधाल तर आधी केळीचं पान घाला. आणि तोंड दिलंय देवानं, तर एकमेकांशी बोलून टाका. नाहीतर माझ्यात आणि तुमच्यात फरक काय राहिला? मी बिघडलेलो नाही. ते त्या दोघांनाही ठाऊक आहे. मग मला खाली काढणार कोण?