दोन अल्बममधले श्वास

पहिल्या अल्बमच्या अकरा गाण्यांत तीनशे बारा श्वास ऐकू येत होते. दुसऱ्याच्या नऊ गाण्यांत एकही नाही. ताईने दोनदा मोजून पाहिलं, दुसऱ्यांदा चांगले हेडफोन लावून.

अल्बम तिच्या धाकट्या भावाचे होते, आणि श्वास मोजणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा होता. इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ती दिवसभर लोकांना नळीत फुंकायला लावायची आणि कोणाच्या फुप्फुसात किती हवा मावते याचे आकडे डॉक्टरांकडे पाठवायची.

भाऊ रॅप करायचा, आणि त्याला सगळे भिंगरी म्हणत. पहिल्या अल्बममध्ये त्याच्या तोंडाचा पट्टा असा सुटायचा की आई म्हणायची, "याला कोणीतरी सांगा, मागे कुत्रं लागलेलं नाही." दोन वर्षांनी आलेला दुसरा अल्बम मात्र आईलाही आवडला. ओळी आखूड, ओळींमध्ये मोकळी जागा, आवाज खाली उतरलेला. "आता कुठे कळतंय काय बोलतो ते," ती म्हणाली. परीक्षणं लिहिणाऱ्यांनी त्यालाच परिपक्वता म्हटलं. भिंगरीला थांबण्यातली ताकद कळली आहे, असं एकाने लिहिलं. ते वाक्य भिंगरीने फोनच्या पडद्यावर लावून ठेवलं होतं.

ताईच्या मनात पाल चुकचुकली ती जिन्यात. दोघं आईकडे चालली होती, आणि दुसऱ्या मजल्यावर भिंगरी बुटाची नाडी बांधायला बसला. नाडी सुटलेली नव्हती.

अल्बममधले श्वास गेले कुठे, हे विचारायला ती स्टुडिओत गेली. तिथल्या ध्वनिमुद्रकाला सगळे कानसेन म्हणायचे. तो खुर्चीत मागे रेलून चहा पीत होता.

"कापले," तो म्हणाला. "पहिल्या वेळी तेवढा वेळ नव्हता, तसेच राहिले. हल्ली सगळेच कापून घेतात. गाण्यातला श्वास म्हणजे भातातला खडा, ताई."

"न कापलेलं रेकॉर्डिंग आहे?"

"आहे. पण तुम्हाला दिलं तर तो मला फाडून खाईल."

"नाही दिलंत तर मी खाईन. मी घरातली मोठी आहे."

कानसेनने कपाळाला हात लावला आणि फाइली पेनड्राइव्हवर घालून दिल्या.

न कापलेल्या नऊ गाण्यांत पाचशे सहा श्वास निघाले. तेवढ्यावर ती काही ठरवणार नव्हती. ढंग बदलला की श्वासाच्या जागाही बदलतात. माणूस मुद्दाम जास्त वेळा थांबू शकतो. तिला असं काहीतरी हवं होतं, ज्यात श्वासाखेरीज काहीच बदललेलं नाही. ते दुसऱ्या अल्बमच्या शेवटी सापडलं. 'चौथा मजला' हे जुनंच गाणं भिंगरीने नव्याने म्हटलं होतं. तेच शब्द, तोच ठेका. पहिलं कडवं सोळा ओळींचं. जुन्या अल्बममध्ये त्यात सात श्वास होते, नव्या रेकॉर्डिंगमध्ये पंधरा, आणि तेही कडवं सलग म्हटलेलं नव्हतं. चार तुकडे जोडून केलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती त्याच्या कामावर गेली. दुसऱ्या अल्बमच्या खर्चासाठी तो दोन वर्षांपूर्वी तिथे लागला होता. शेडमध्ये स्वयंपाकघरातल्या ओट्यांसाठी कृत्रिम दगडाच्या लाद्या कापत. कापताना पात्यावर पाणी सोडायचं असतं, म्हणजे दगडाची धूळ उडून छातीत जात नाही. इथे पाण्याचा पाइप गुंडाळून खिळ्याला टांगलेला होता, कारण पाण्याने चिखल होतो आणि चिखल काढण्यात वेळ जातो. भिंगरीच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. तोंडावरचा रुमाल त्याने गळ्यात ओढला.

"तू माझे श्वास मोजलेस?"

"हो."

"लोकांच्या बहिणी गाणी ऐकतात."

"तीही ऐकली. चांगली आहेत. 'चौथा मजला' चार तुकड्यांत का केलास?"

"घसा बसला होता त्या दिवशी."

"तुकडे चार वेगवेगळ्या दिवशीचे आहेत. फाइलींवर तारखा असतात, शहाण्या."

तो लादीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "शनिवारी कार्यक्रम आहे. जुनं एकही गाणं घेतलेलं नाही मी. लोकांना वाटतं, मी पुढे गेलोय."

"वाटू दे की."

"मग तू कशाला खोदत बसलीस?"

"लोकांना काय वाटायचं ते वाटू दे. मला तुझ्या फुप्फुसांचा आकडा हवाय."

"आणि आकडा चांगला आला तर?"

"तर परीक्षणवाला खरा आणि मी मूर्ख. वर्षभर चिडव मला."

"वाईट आला तर?"

"तर हे काम सुटलं. त्याच दिवशी. पुढचं डॉक्टर सांगतील."

"काम सुटलं तर तिसरा अल्बम कुठून काढू?"

"आधी त्यात म्हणायचं कशाने ते बघू."

तो हसायला गेला आणि त्याला खोकला आला. ती खोकला थांबेपर्यंत उभी राहिली. मग त्याने विचारलं, "उद्या किती वाजता येऊ?"

तो आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. नात्यातल्या माणसाची चाचणी आपण घ्यायची नाही असा त्या खोलीचा शिरस्ता होता, म्हणून फुंकायला लावण्याचं काम वरिष्ठ बाईंनी केलं आणि ताई भिंतीला टेकून उभी राहिली. बाईंनी भिंगरीच्या नाकाला चिमटा लावला.

"पूर्ण आत घे. अजून. आता सोड. फुंक, फुंक, फुंक, थांबू नकोस, अजून, अजून."

तिसऱ्या फुंकीनंतर त्याने गुडघ्यांवर हात टेकले. बाईंनी त्याला पाणी दिलं आणि पडदा ताईकडे वळवला.

तिन्ही फुंकी ग्राह्य होत्या. सर्वांत मोठी दुसरी: दोन पूर्णांक नऊ लिटर. त्याच्या वयाच्या आणि उंचीच्या पुरुषासाठी अपेक्षित चार पूर्णांक सात. बासष्ट टक्के. ऐंशीच्या खालचा आकडा त्या खोलीत वाईट धरत.