मधे कोण बसणार

पहिल्या शनिवारी पद्माकाकूंच्या हॉलमध्ये मी मोजलं ते असं: बाया आठ, कात्र्या अकरा, मोबाइल नऊ, मोबाइल उभा करायचे स्टँड दोन, नव्या कोऱ्या साड्या चौदा, सुया पाच आणि त्यांतल्या एकीचं नेढं तुटलेलं. जुनं धडुतं एकही नव्हतं.

जुनं धडुतं आणायला काकूंनी मनाई केली होती. फोटोत जुनं कापड गरीब दिसतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून जवळा बाजारच्या दुकानातून नव्या साड्या आणायच्या, त्या धुऊन वाळवायच्या, मग फाडून त्यांच्या चिंध्या करायच्या आणि त्या चिंध्या जोडून पुन्हा एक मोठं कापड तयार करायचं, अशी कामाची पद्धत ठरली. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. या प्रक्रियेत नेमकं काय वाढतं यावर मी दोन दिवस विचार केला. उत्तर सापडलं नाही.

आमच्याकडे घरोघर या वस्तूला वाकळ म्हणतात. मंडळाचं नाव ठरवताना कुणीतरी तो शब्द काढला तेव्हा सगळ्या खो-खो हसल्या, आणि 'सखी गोधडी कलामंच' असं नाव ठेवलं गेलं; बोलताना मात्र सगळ्या क्लबच म्हणत. पद्माकाकू अध्यक्ष झाल्या, कारण हॉल त्यांचा होता. अमीरबी उपाध्यक्ष झाल्या, कारण त्यांना अध्यक्ष केलं नव्हतं. निता शाळेत शिकवते आणि रील बनवते, म्हणून प्रसिद्धी तिच्याकडे. चौघी नुसत्या सदस्य. आठवी शितल, काकूंची सून. पदांची वाटणी चालली होती तेव्हा ती चहा ठेवायला आत गेली होती.

मी या आठांत नव्हते. मी शेजारी राहते, प्राध्यापकीच्या परीक्षेचा अभ्यास करते आणि शनिवारी दुपारी घरी असते, एवढ्या पात्रतेवर काकूंनी मला तांत्रिक सल्लागार नेमलं.

"सुकन्या, तू सायन्सवाली हायस. मापबीप तू बघ. शिवायचं आमी बघतो."

दुसऱ्या शनिवारी हिंगोलीहून पुजा मॅडम आल्या. त्या एका संस्थेत काम करतात. ती संस्था जिल्ह्यातल्या गोधड्यांचं प्रदर्शन भरवणार होती आणि प्रत्येक तालुक्यातून एका बाईला तीन महिने पुण्याला शिकायला पाठवणार होती. कापड रंगवणं, नमुने काढणं, सगळं. राहणं-जेवण संस्थेचं. परत आल्यावर तालुक्यातल्या बायांना शिकवण्याची पगारी नोकरी. गटाने केलेली गोधडी निवडली गेली, तर जिचं डिझाइन ती जाणार.

"एकटीनं केलेलं चालेल, गटाचं चालेल," पुजा मॅडम म्हणाल्या. "आकार दीड फुटाच्या खाली नको. आणि एक महत्त्वाचं. गोधडी भिंतीवर ताणून लावायचीये. त्यामुळे आम्ही टेबलावर पसरून पट्टी धरणार. कुठंही एक सेंटिमीटरच्या वर फुगलेली असली तर घेणार नाही."

"फुगंल कशी?" काकू म्हणाल्या. "आमी काय भाकरी करून राहिलो का?"

निताने ते वाक्य दोनदा म्हणवून घेतलं, कारण पहिल्या वेळी मागे कुकरची शिट्टी झाली होती.

मग डिझाइनचा विषय निघाला. काकूंना मोर हवा होता. "मोर तं माझ्या पडद्यावरबी हाय, चादरीवरबी हाय," अमीरबी म्हणाल्या, "कमळ करा." निताला नागनाथाचं शिखर हवं होतं, औंढ्याचे लोक रील शेअर करतील म्हणून. हे चाललं असताना शितल आत गेली आणि तिने घरी जोडून ठेवलेला एक तुकडा आणून पसरला.

तो दोन फुटांचा चौकोन होता, सगळा पिवळा. कुरुंद्याला तिच्या माहेरी हळद शिजवून वाळत घातली की गच्चीवरून खळं जसं दिसतं, तसा. एका बाजूला ओली हळद, मग अर्धी वाळलेली, मग कडक वाळलेली, शेवटी घासून चकाकणारी, आणि ढिगांमधून एक माणूस चालेल एवढ्या वाटा. मी छटा मोजल्या. सतरा भरल्या. जुने परकर, ओढण्या, पोरांची झबली. एक छटा उशीच्या खोळीची होती. ती कुणी रंगवली नव्हती, आपोआप पिवळी पडली होती.

"अगं बाई," अमीरबी म्हणाल्या, "वास येऊन राहिला हळदीचा."

कापड जुनं होतं, काकूंना नाही म्हणता आलं असतं. पण पुजा मॅडम फोटो काढत होत्या आणि निताचा मोबाइल चालू होता.

"आमच्या घरात सुनंला पुरी मोकळीक हाय," काकू मोबाइलकडे बघत म्हणाल्या. "मधी हिचंच डिझाइन. निवड झाली तं हीच जाईन पुण्याला."

शितल कप विसळायला मोरीत गेली. मी मागोमाग गेले. ती एकच कप पुन्हा पुन्हा विसळत होती.

"तीन महिने, सुकन्या," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून माहेर सोडून मी कुठं एक रात बी राहिले न्हाई. आन् परत आल्यावर नोकरी. मला जायचंच हाय. काहीबी होऊ दे."

घरी वाकळ कशी शिवतात ते इथे सांगायला हवं. थर पसरले की सासू भिंतीला पाठ टेकून कडेला बसते. जावा, नणंदा, शेजारणी आपापली कड धरतात. सून मधे बसते, कापडावरच, वाकून. तिच्या पाठीला टेका नसतो आणि पंख्याचा वारा तिथपर्यंत पोचत नाही. ती मधून टाके घालत बाहेर सरकते, ढिलं कापड तळव्याने कडेकडे सारत जाते, आणि कडेच्या बाया ते दुमडून काठ बंद करतात. वाकळ सपाट येते. मधे कोणी बसायचं हे विचारावं लागत नाही. हॉलमधली प्रत्येक बाई लग्नानंतर काही वर्षं मधे बसलेली होती आणि सून आली त्या वर्षी कडेला सरकली होती, किंवा सुनेची वाट बघत होती.

क्लबात मात्र सगळ्या समान होत्या. तसं काकूंनी उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं होतं. त्यामुळे आठ समान बायांनी चार कडा धरल्या, कडेला दोघी-दोघी. मधे शितलचं पिवळं खळं ठेवलं होतं आणि तिथे कुणी नव्हतं.

"मधी कोण बसन?" मिराबाईंनी विचारलं. त्या नुसत्या सदस्य होत्या, म्हणून त्यांना विचारता आलं.

"मला गुडघ्याची तकलीफ हाय," अमीरबी म्हणाल्या.

"मी मधे बसले तर शूट कोण करणार?" निता म्हणाली.

"मी बसते की," शितल उठली. "मला सवय हाय."

"खाली बस!" काकू ओरडल्या. "रीलमधी सुनंला मधी बसवलेली दिसली तं लोक काय म्हणतीन? क्लबातबी सुनंला राबवून राहिले म्हणतीन. इथं तू सून न्हाईस, कलाकार हायस. कडंला बस."

"आत्याबाई, मधून शिवलं न्हाई तं कापड..."

"तुला मान देऊन राहिले मी. घेता येईना व्हय?"

मी तांत्रिक सल्ला दिला. चारही कडांकडून आत शिवत आलात तर प्रत्येक टाक्याला थोडं ढिलं कापड पुढे ढकललं जाईल आणि ते सगळं मधे जमेल, त्याला दुसरीकडे जायला वाट नाही. सगळ्यांनी ऐकून घेतलं.

"तुझं लग्न झालं का?" अमीरबींनी विचारलं.

"नाही."

"मग तुला वाकळीतलं काय समजतं? बरं, तुझ्या सायन्समधी बघून सांग, मधी कोण बसन?"

शितल कडेला बसली.

पुढच्या शनिवारी मधला फुगवटा चार सेंटिमीटर होता. त्याच्या पुढच्या शनिवारी सहा. मग उपाय सुरू झाले. इस्त्री फिरवली. ओला टॉवेल टाकून पुन्हा इस्त्री फिरवली. पाटा ठेवला. शेवटी काकूंनी सोयाबीनचं पोतं आणवून मधोमध ठेवलं आणि सगळ्यांनी चहा घेतला. पोतं काढल्यावर कापड हळूहळू वर आलं, जसं काही त्याला कुणी हाक मारली होती.

"हे अमीरबीमुळं झालं," काकू म्हणाल्या. "टाके बघा. एकेका टाक्यातून शेळी जाईन."

"माझे टाके लांब तं लांब, दिसतात तरी," अमीरबी म्हणाल्या. "तुमचे हायत कुठं? तुमी तं भाषणच करून राहिल्या."

निताने फुगवट्याचं रील टाकलं. वर लिहिलं, 'हळदीचा डोंगर'. त्याला एवढे बदाम आले की दोघी सदस्यांना फुगवटा मुद्दामच ठेवलाय असं वाटू लागलं. त्या दिवशी तो नऊ सेंटिमीटर होता.

शितलने सुई टोचून ठेवली. "उसवू या," ती म्हणाली. "सगळं न्हाई. प्रत्येकीच्या आतल्या चार-चार ओळी. मंग मी एकटी मधून शिवते. मोबाइल बंद ठेवा, कुणाला दिसणार न्हाई."

खोलीत एकदम गलका झाला. प्रत्येकीने आपल्या ओळीच्या टोकाला आपलं अक्षर काढलं होतं. मिराबाईंचं तर फुलासकट होतं.

"माझी ओळ उसवायची न्हाई," मिराबाई म्हणाल्या.

"उसवून परत शिवली तर ती ओळ कुणाची धरायची?" निताने विचारलं. हा प्रश्न सगळ्यांना फार महत्त्वाचा वाटला आणि त्यावर बराच वेळ चर्चा झाली.

"राहू दे ना गं," शेवटी काकू म्हणाल्या. "न्हाई निवडली तं न्हाई निवडली. काय अडलं? आपण छंद म्हणून करून राहिलो. छंदात आनंद घ्यायचा असतो."

"तुमचा छंद हाय, आत्याबाई. माझं पुणं हाय त्यात."

"पुणं! आन् इथं भाकरी कोण टाकीन?"

"त्या दिवशी मोबाइलसमोर तुमीच म्हणल्या, हीच जाईन."

"मी म्हणले ना. निवड झाली तं जा. मी कुठं अडवून राहिले?"

शितल उठली. तिने नव्या साड्यांच्या ढिगावरची मोठी कात्री घेतली, अमीरबींच्या हातावरून पलीकडे पाय टाकला आणि ती फुगवट्याच्या मधोमध जाऊन बसली. फुगवटा तिच्याखाली दबला. तिने दोन्ही तळव्यांनी कापड बाहेर सारलं, घरी सारतात तसं. मग पिवळ्या तुकड्याच्या बाहेर दोन बोटं जागा सोडून तिने कात्री घातली, वरच्या कापडापासून अस्तरापर्यंत, आणि बसल्या जागी फिरत फिरत कापत गेली.

"अगं! अगं काय करून राहिली!"

"उठवा तिला कुणीतरी!"

कुणी उठवलं नाही. उठवायचं तर मधे जावं लागलं असतं.

चौथी बाजू कापून झाल्यावर ती तुकडा घेऊन उभी राहिली.

"क्लबची गोधडी फाडली हिनं!" काकूंचा आवाज चिरकला.

"फाडली न्हाई, कापली. आन् माझं तेवढंच कापलं. कुणाचीबी ओळ तुटली न्हाई, बघून घ्या."

सगळ्यांनी वाकून आपापली ओळ बघितली. खरंच तुटली नव्हती. मिराबाईंचं फूलही शाबूत होतं. त्यानंतर ओरडण्यात पहिला जोर राहिला नाही. त्या दिवशीचा चहा दत्तप्रसादभाऊंनी, म्हणजे शितलच्या नवऱ्याने केला. ते कुणाच्या बाजूचे आहेत हे त्यांनी सांगितलं नाही. चहात साखर नव्हती.

क्लबने हार मानली नाही. पुढच्या शनिवारी भोकावर ठिगळ लावायचं ठरलं. ठिगळ म्हणायचं नाही, 'मध्यचित्र' म्हणायचं. मध्यचित्रात मोर होता. काकूंनी तो कोऱ्या रेशमी साडीतून कापला होता.

"जरा ढिला घ्या," त्या म्हणाल्या. "पिसारा खुलला पायजे."

भोकापेक्षा चार बोटं मोठा मोर मधे ठेवला गेला. सात बायांनी चारी कडा धरल्या.

"मधी कोण बसन?" मिराबाईंनी विचारलं.

शिवणकाम चारही बाजूंनी सुरू झालं. बाहेर ओसरीवर शितलने आपला तुकडा दुसऱ्या अस्तरावर पसरला होता. ती मधून बाहेर शिवत होती. आज तिला चहा ठेवायला कुणी हाक मारली नाही, त्यामुळे काम बरंच पुढे गेलं.

हिंगोलीला आम्ही एकाच जीपने गेलो. काकूंच्या मांडीवर मोठं गाठोडं, शितलच्या मांडीवर लहान. जागा कमी होती, त्यामुळे सासू-सुनेचे गुडघे सगळा रस्ता एकमेकांना लागत होते. दोघी दोन वेगळ्या खिडक्यांतून बाहेर बघत होत्या. अमीरबी पुढच्या सीटवरून म्हणाल्या, "दोन्ही गोधड्या एकाच घरच्या, चला, कुणीबी जावो, पेढे तं आमालाच."

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये लांब टेबल होतं. औंढा तालुक्यातून दोनच कामं आली होती. पुजा मॅडमनी स्टीलची पट्टी आडवी धरली आणि आकडे वाचायला मला जवळ बोलावलं.

सखी गोधडी कलामंच, जवळा बाजार: बारा सेंटिमीटर.

शितल, जवळा बाजार: तीन मिलिमीटर.